खोल बोअर आणि उथळ धोरण

औसा, निलंगा, कंधार, मुखेड, तालुका कोणताही घ्या. उन्हाळा तापला की रात्रभर बोअरच्या गाड्यांची घरघर चालू असते. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही तर चारशे, तेथेही नाही तर सहाशे. उभ्या बोअरने भागले नाही तर विहिरीच्या पोटात आडवे बोअर. आता दाबाने पाणी सोडून खडकाच्या फटी मोकळ्या करण्याचे तंत्रही आले आहे. तेलविहिरींच्या धंद्यातील हे उपाय लातूर-नांदेडच्या तहानेवर उतारा म्हणून सांगितले जात आहेत. या दाव्याची तपासणी करणे आपले कर्तव्य आहे.

आमचा तंत्राला विरोध नाही. आटत चाललेला गावचा हातपंप फटी मोकळ्या केल्याने पुन्हा चालू होत असेल, तर ते काम सरकारने अवश्य करावे. परंतु तंत्राने उपसा वाढतो, साठा वाढत नाही. मराठवाड्याचा काळा पाषाण मुळात घट्ट आहे. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यांत. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी साधारणपणे आकारमानाच्या २ टक्के धरले जाते. म्हणजे एक एकर रानातील पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर हाती येते सुमारे ८० हजार लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर. उलट एक एकर उसाला वर्षाकाठी सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी लागते. तेच आठशे टँकर. पावसाचा वाटा वजा केला तरी हा हिशेब जुळत नाही. खोल बोअर घेणारा नवे पाणी निर्माण करीत नाही. तो शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या पाइपात ओढतो. ज्याच्यापाशी पैसा आहे, तो आणखी खोल जातो. कोरडवाहू शेतकरी कर्ज काढून त्याच्यामागे धावतो. बोअर कोरडे गेले तरी फुटाचा दर चुकत नाही, आणि कर्ज मात्र त्याच्या डोक्यावर राहते.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. त्याच २०१५-१६ च्या हंगामात मराठवाड्यातील कारखान्यांनी ऊस गाळला होता. या दोन घटना एकत्र वाचल्या म्हणजे दुष्काळात निसर्गाचा वाटा किती आणि धोरणाचा किती, हे ध्यानात येते.

कायदा नाही असेही नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर वा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर ठरविले आणि अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ती घेण्यास मज्जाव केला. खोदाई यंत्रांच्या मालकांना नोंदणी बंधनकारक केली. मग रात्रीची ही घरघर कोणाच्या आशीर्वादाने चालते? तिच्या मुळाशी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली कल्पना आहे: जमीन ज्याची, तिच्या पोटातले पाणीही त्याचे. मग भूमिहीनाने तहान कोणाच्या सातबाऱ्यावर भागवायची?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर वाटले गेले, भूमिहीनाचाही हक्क मानला गेला आणि उसाला पाणी नाकारले गेले. हिवरे बाजारनेही शेतीसाठी बोअर न घेण्याचा निर्णय अमलात आणला.

कार्यकर्त्यांनी आता गावोगाव तीन मागण्या लावून धराव्यात. नोंदणी झालेल्या बोअरच्या गाड्यांची यादी तहसील कचेरीत लावावी व बेकायदा खोदाई थांबवावी. पावसाळा संपताच ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसारच पिके ठरवावीत. आणि भूजल ही समाजाची मालमत्ता मानून भूमिहीनांसह प्रत्येकाला त्यात वाटा द्यावा. जोवर हा हक्क मान्य होत नाही, तोवर कितीही खोल गेले तरी गरिबाच्या घागरीत पाणी पडणार नाही.