जोडणीचा नियम गावाला वाचता आला पाहिजे

महाराष्ट्रात नारायणगड दोन आहेत. एक पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातला किल्ला, नारायणगावाजवळचा. दुसरा बीड जिल्ह्यातला, संत नगद नारायण महाराजांचा, ज्याला भाविक धाकटी पंढरी म्हणतात. कोणता गड म्हणायचा आहे, हे माणसांना बोलण्याच्या ओघातच कळते. संगणकाला ते सांगावे लागते. खुद्द बीडचे नाव २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत ‘बिड’ आहे, जुन्या इंग्रजी कागदांत ‘भीर’. अंबाजोगाई निजामाच्या दप्तरात मोमिनाबाद. नुसते शिरूर लिहिले तर ते बीडमधले शिरूर कासार की पुणे जिल्ह्यातले घोडनदीचे?

एवढ्याशा गोष्टींवर आज माणसांची कामे अडतात, कारण सरकार आता एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीला जोडून निर्णय घेऊ लागले आहे. लाडकी बहीण योजनेत हे सगळ्या राज्याने पाहिले. वेगवेगळ्या विभागांकडची माहिती पडताळल्यावर सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत असल्याचे महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले. त्यांचा लाभ जूनपासून थांबवला गेला आणि फेरपडताळणी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. यात अपात्र माणसे होतीच. पण योजनेचे दरमहाचे दीड हजार रुपये थांबलेल्या बाईला आपले नाव कोणत्या यादीतल्या कोणत्या नावाशी जुळले आणि कोणत्या नियमाने जुळले, हे विचारता यायला हवे.

शेजारच्या तेलंगणात अशा जोडणीची किंमत मोजून झाली आहे. तिथल्या ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने अनेक खात्यांच्या नोंदी नावांच्या सारखेपणावरून जोडल्या. नावात साम्य असलेल्या भलत्याच माणसाची मोटार गरीब कुटुंबाच्या खात्यावर दिसली आणि रेशन बंद झाले, अशी प्रकरणे बाहेर आली. रद्द झालेल्या रेशन कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. नावे जुळवण्याचा नियम मात्र लोकांसमोर खुला नव्हता.

नोंदीचे मोल बीड जिल्ह्याला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. २०२४ च्या दसऱ्याला बीडच्या नारायणगडावर मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांच्या मेळाव्याला जो समुदाय लोटला, त्याच्या मागणीच्या मुळाशी कुणबी नोंदीच होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने महसुली कागद, शाळांचे दाखले, जन्म-मृत्यूची कोतवाल बुके धुंडाळली. त्यात मोडी होती, उर्दू होती. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, एका ओळीवर घराचे भवितव्य ठरू शकते हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे.

आता ऊसतोडीकडे पाहू. दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यातल्या एकाच कुटुंबाची माहिती किती ठिकाणी असते! रेशन कार्ड पुरवठा विभागाकडे. गरोदर बाई आणि लहान लेकरू २०२१ पासून अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरवर. शाळेतले मूल शिक्षण विभागाकडे, त्याच वर्षी आलेल्या ई-श्रमवर कामगार म्हणून नोंद, ओळखपत्र गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे. आणि ज्या व्यवहारावर सगळा हंगाम चालतो तो मुकादमाच्या, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराच्या वहीत.

त्या वहीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर पडते. मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहणाऱ्या बाईचे नाव वहीत येतेच असे नाही. अंगणवाडीच्या यादीत नेमके उलटे, तिथे बाई आणि मूल आहे. या दोन याद्या जोडताना ‘एक ओळ म्हणजे एक माणूस’ असे धरले तर निम्मे मजूर तिथेच गळतात. त्यातच, समजा, ती अंगणवाडीत ‘सुनीता बाबासाहेब’ आहे, रेशन कार्डावर ‘सुनिता बाबा’, बँकेत रोमन लिपीत आणि शाळेच्या जुन्या दाखल्यावर माहेरच्या नावाने. पुण्या-मुंबईत बसून प्रणाली लिहिणाऱ्या हुशार अभियंत्याला हे आपोआप कळणार नाही. अंगणवाडी सेविकेला कळते.

अशा याद्या विस्कळीत राहिल्याने काय होते, हे २०१९ मध्ये दिसले. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. इतक्या बायकांच्या शरीरावर इतके मोठे काही घडत होते आणि ते एकत्र दिसायला स्वतंत्र सर्वेक्षण लागले.

म्हणून जोडणी व्हायलाच हवी. प्रश्न आहे तो कोणत्या साधनाने. जिल्हा परिषद असो वा स्वयंसेवी संस्था, पहिला विचार पैशांचा होतो आणि मुक्तस्रोत, म्हणजे मूळ संगणकीय संहिता सर्वांना खुली असलेले, साधन ‘फुकट मिळते’ म्हणून घेतले जाते. निवडीची ही कसोटी अपुरी आहे. जोडणीचा नियम उघडून वाचता येतो का, बदलता येतो का आणि उद्या साधन बनवणाऱ्याने हात काढून घेतला तरी तो आपल्याकडे राहतो का, हे आधी पाहायला हवे.

विस्कळीत याद्या साफ करणाऱ्या ओपनरिफाइन या साधनाचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये मेटावेब या कंपनीत ते जन्मले, पुढे गूगलकडे गेले आणि २०१२ पासून स्वयंसेवकांच्या हाती आहे. साध्या संगणकावर ब्राउझरमध्ये चालते, माहिती बाहेर कुठे जात नाही. गावाच्या नावाचा स्तंभ निवडून गट पाडायला सांगितले की सारखी वाटणारी नावे ते शेजारी-शेजारी मांडते आणि एकत्र करू का, असे विचारते. होकार माणसाने द्यायचा. त्याची सर्वांत सोपी पद्धत विरामचिन्हे काढते आणि शब्द वर्णानुक्रमे लावते, म्हणजे ‘शिंदे सुनीता’ आणि ‘सुनीता शिंदे’ एकत्र येतात. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ मात्र त्या पद्धतीला वेगळ्याच वाटतात. ऱ्हस्व-दीर्घाचा, अनुस्वाराचा नियम आपल्याला लिहावा लागतो, आणि तो लिहिता येतो हेच इथले मोठे बळ. केलेली प्रत्येक पायरी इतिहासात राहते. त्या इतिहासाची फाइल काढून दिली की बीडला बसवलेला नियम धारूरलाही चालवता येतो, तपासताही येतो.

आधारसारखा एकच क्रमांक दोन्ही याद्यांत नसेल तर स्प्लिंक हे साधन आहे. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने ते तयार करून सर्वांना खुले केले. फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या संख्याशास्त्रीय रीतीवर ते चालते: नाव जुळले तर किती वजन, गाव जुळले तर किती, जन्मवर्ष एकाने चुकले तर किती कमी. ही वजने तक्त्यात समोर दिसतात. लाभ का थांबला असे विचारणाऱ्या बाईपुढे ठेवता येईल असा कागद त्यातून निघू शकतो.

दुसरी बाजू टॅलेंडची. ‘टॅलेंड ओपन स्टुडिओ’ हे २००६ पासूनचे, जगभर वापरले गेलेले मोफत साधन. २०२३ मध्ये क्लिक या कंपनीने टॅलेंड कंपनी विकत घेतली आणि ३१ जानेवारी २०२४ ला ओपन स्टुडिओ बंद झाले. उतरवून घेतलेली प्रत चालत राहिली, सुधारणा थांबल्या. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यावर कामे रचली होती त्यांना नवे घर शोधावे लागले. पेंटाहो कंपनीच्या केटल या साधनाची वाट वेगळी झाली. पेंटाहो २०१५ मध्ये हिताचीकडे गेली, तरी स्रोत खुला असल्याने केटलमधूनच अपाची हॉप फुटले आणि २०२२ मध्ये अपाची फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प म्हणून उभे राहिले. साधन एकाच कंपनीच्या दावणीला आहे की संस्थेच्या आणि अनेकांच्या हाती, हे परवान्याइतकेच बारकाईने पाहायचे ते यासाठी. माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणाऱ्या एअरबाइट या साधनाने २०२१ मध्ये आपल्या गाभ्याचा परवाना बदलला. जिल्हा कार्यालयाच्या स्वतःच्या वापराला त्याने बाधा येत नाही, पण बदल होऊ शकतो हे धरून चालावे.

मोठे नाव पाहूनही भुलू नये. अपाची नायफाय हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत घडले आणि २०१४ मध्ये खुले झाले. कोणती नोंद कुठून आली याचा माग ते उत्तम ठेवते, पण त्याला तगडा सर्व्हर आणि सतत लक्ष देणारा माणूस लागतो. तालुक्याच्या कार्यालयात ते ओझे होईल.

खर्च आहेच, आणि तो माणसांवर करायला हवा. सरकारी कामात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच आणले. परवान्याचे वाचलेले पैसे कंत्राटदाराच्या बिलात जिरवण्यापेक्षा जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांतून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना या कामावर घ्यावे. गावांची नावे, आडनावे, टोळीची रीत त्यांना माहीत आहे.

आणि सगळेच सगळ्याला जोडू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. बाईच्या आरोग्याची नोंद मुकादमाच्या किंवा कारखान्याच्या हाती पडली तर काय होईल, हे कळायला कायद्याचीही गरज नाही.

महिला व बालविकास विभागाची स्थलांतराचा मागोवा घेणारी प्रणाली चंद्रपूरच्या प्रयोगातून आली आहे, म्हणजे पाया घातलेला आहे. बीड जिल्हा परिषदेने येत्या हंगामाआधी एकाच तालुक्यात, फक्त गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची मुले एवढ्याच याद्या जोडून पाहाव्यात. जुळवणीचा नियम मराठीत छापून ग्रामसभेत वाचावा. न जुळलेल्या नावांची यादी अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, निर्णय तिने घ्यावा आणि तोवर कोणाचाही लाभ थांबवू नये. हे टोळ्या निघण्याआधी व्हायला हवे. त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये, आणि तोवर एखाद्या लेकराचा पाच-सहा महिन्यांचा पोषण आहार बुडालेला असतो.