चंपीची सोनोग्राफी

"कुत्रीची सोनोग्राफी? वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच!" बचत गटाच्या बैठकीत विषय काढला आणि सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसल्या. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटातलं बाळच आठवतं. मलाही गेल्या पावसाळ्यापर्यंत तेच आठवायचं.

आमची चंपी अकरा वर्षांची, गावठीच. पायरीवर थेंब थेंब लघवी करू लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हातारी झाली बिचारी, व्हायचंच." मग सारखी कुंथत बसायची. एक दिवस सारवलेल्या खळ्यात लाल डाग दिसले. औषधाने आठवडाभर बरं वाटे, पुन्हा तेच. पुढचे दोन महिने मीच त्याच गोळ्या आणून घातल्या, कारण मंडणगडहून कुत्रं मुंबईला न्यायचं म्हणजे गाडी, पैसे आणि लोकांचं हसू! ही चूक माझीच.

शेवटी परळला नेलं. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. पोटावरचे केस काढले, जेल लावलं, भूल वगैरे काही नाही. मूत्राशय भरलेलं लागतं. रिकामं असलं की भिंत उगाच जाड दिसते आणि फसगत होते. पडद्यावर लघवी काळी दिसते. खडा असला तर चकाकतो, मागे सावली पाडतो आणि कुशीवर वळवलं की घरंगळतो. चंपीची गाठ हलेना. भिंतीलाच चिकटलेली, तीही मूत्रनळ्या उतरतात त्या तोंडाजवळ. कुत्र्यांचा हा कॅन्सर बहुधा तिथेच धरतो, म्हणून कापून काढणं कठीण. म्हाताऱ्या कुत्र्यांत, त्यातही माद्यांमध्ये तो जास्त आढळतो.

अर्थात गाठ दिसली म्हणजे निकाल लागला असं नाही. पेशी तपासाव्या लागतात. पोटातून सुई घालणं शक्यतो टाळतात, सुईच्या वाटेने रोग पसरू शकतो. म्हणून नळीने नमुना घेतात. चंपीला पिरॉक्सिकॅम सुरू झालं. आजार बरा होणारा नव्हता, पण पाच महिने ती पुन्हा खळ्यात ऊन खात बसली. ते दोन महिने मी घालवले नसते तर, हा हिशेब अजून सुटत नाही.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००४ मध्ये स्कॉटिश टेरियर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तणनाशक मारलेल्या हिरवळीवर वावरणाऱ्यांना या कॅन्सरचा धोका जास्त आढळला. आमच्या कलमांखालीही तणनाशक मारतात आणि चंपी तिथेच लोळायची. तेच कारण असं मी म्हणणार नाही. पण फवारणीनंतर कुत्रं चार दिवस बांधून ठेवायला काय जातं?

आणि मागणी एवढीच, की ठरलेल्या वारी का होईना, जनावरांच्या सोनोग्राफीचं मशीन तालुक्यात फिरावं. गाय-म्हैस दूध देते म्हणून तिचा विचार होतो. रात्रभर घर राखणारं कुत्रं कुठल्याच योजनेत बसत नाही.

बैठक संपली. सगळ्यात जास्त हसलेली एकजण चपला घालताना मागे रेंगाळली. म्हणाली, "वहिनी, माझ्यापण लघवीतून रक्त जातंय. चार महिने झाले. घरात बोलले नाही." सोमवारी तिला घेऊन दवाखान्यात जायचंय.