पाणी एकच, वाटेकरी अनेक

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हल्ली साताऱ्या-सांगलीकडच्या घराघरांत एक बेत हमखास शिजतो. कास बघायचं, पुढे बामणोली नाहीतर तापोळ्याला उतरायचं आणि बोटीत बसायचं. कोयनेचा शिवसागर जलाशय आहेच तसा देखणा. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधे निळंशार पाणी. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात ते उगाच नाही. आपण तासाभराचे पैसे भरतो, फोटो काढतो, भजी खाऊन परत येतो. पण मैत्रिणींनो, ज्या पाण्यावर आपण गंमत म्हणून जातो तो कुणाचा तरी रोजचा रस्ता आहे, हे आपल्या लक्षात येतं का?

कोयना धरण १९६० च्या दशकात पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्याखाली शेतं, घरं, देवळं आणि जुन्या वाटा गेल्या. कितीतरी कुटुंबं उठून दूरच्या जिल्ह्यांत गेली. जी गावं वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत राहिली, त्यांची वाट मात्र पाण्याने अडवली. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं पलीकडे. तेव्हापासून लाँच हीच तिथली एसटी आणि गाड्या पलीकडे न्यायला तराफा. नवी नवरी लाँचने येते आणि पहिलटकरीणही लाँचनेच दवाखाना गाठते.

जावळी तालुक्यातलं खिरखंडी हे असंच एक गाव. जानेवारी २०२२ मध्ये या गावाचं नाव थेट मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. तिथल्या शाळकरी मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि मग दाट जंगलातून पायी शाळेला जातात, अशी बातमी आली होती. न्यायालयाने ती स्वतःहून दखलपात्र मानली आणि सरकारला विचारणा केली. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' म्हणणाऱ्या देशात मुलींना शाळेसाठी असा जीव धोक्यात घालावा लागतो, हे वाचून तेव्हा सगळ्यांनाच गलबलून आलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच जावळी तालुक्यात, त्याच जलाशयाच्या काठी मुनावळे इथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. धरणाच्या सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षे असलेले बोटिंगवरचे निर्बंध त्यासाठी सैल करण्यात आले. जेट स्की आल्या, वेगवान बोटी आल्या. पुण्या-मुंबईचे पर्यटक आले.

आता ही दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकीकडे वल्ह्याची होडी आणि तिच्यात दप्तर घेतलेल्या पोरी. दुसरीकडे पाणी कापत सुसाट जाणारी जेट स्की. पाणी तेच. मग वाट कुणी कुणाला द्यायची?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. रस्त्यावर ट्रक सायकलला धडकला तरच अपघात होतो. पाण्यावर धडक बसावीच लागत नाही. जोरात जाणाऱ्या मोटरबोटीच्या मागे लाटा उठतात आणि त्या दूरवर पसरत जातात. मोठ्या लाँचला त्यांनी फक्त हेलकावा बसतो. पण काठोकाठ भरलेल्या लहान होडीत तीच लाट आत येते. एक लाट आत आली की माणसं घाबरून एका बाजूला सरकतात, तोल जातो आणि होडी उलटते. लाट उठवणारा तोवर कितीतरी पुढे गेलेला असतो. मागे काय झालं, हे त्याला कळतही नाही!

त्यात उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेला जलाशय मे महिन्यात खाली जातो. काठाचा चिखल उघडा पडतो, जुन्या झाडांचे बुंधे आणि बुडालेल्या भिंती वर डोकावतात. बोटींना जायला मधली खोल पट्टीच तेवढी उरते. म्हणजे पाणी सगळ्यात कमी आणि पर्यटक सगळ्यात जास्त, हे दोन्ही एकाच महिन्यात! गावची लाँच, कोळ्याची होडी आणि सहलीची बोट, सगळ्यांनी त्याच अरुंद पट्टीतून जायचं. भरीला दुपारनंतर येणारा वळीव. वळवाचा वारा कसा अंगावर येतो, हे वाळवणं घालणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको.

उजनीत काय झालं ते आठवा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यात चिमुकली मुलंही होती. तीही रोजचीच वाट होती. पाणी ओलांडलं की झालं, एवढाच तो प्रवास.

आपल्या सांगलीचं दुःख तर अजून ओलं आहे. ८ ऑगस्ट २०१९. महापुराने वेढलेल्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमधून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्यात बायका आणि मुलंच जास्त. बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती. पूर चढत असताना कोण कुणाला मागे ठेवणार? पण म्हणूनच बोटीची क्षमता, जाकिटं आणि चालवणाऱ्याचं प्रशिक्षण यांचा विचार पूर येण्याआधी व्हायला हवा. पाणी दारात आल्यावर नियम आठवून उपयोग नसतो.

आणि वेगाचं म्हणाल, तर १८ डिसेंबर २०२४ चा मुंबईचा अपघात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ जणांचा बळी गेला. प्रवाशांची रोजची वाट आणि वेगाची चाचणी एकाच पाण्यात आल्या की काय होतं, ते आपल्याला दिसलं. मुंबईचा समुद्र एवढा मोठा, तिथे हे घडतं. मग डोंगरांमध्ये दडलेल्या अरुंद जलाशयात किती जपायला हवं!

गंमत म्हणजे पाण्यावर नियम नाहीत असं मुळीच नाही. समुद्रावरच्या जहाजांसाठी १९७२ साली ठरलेले नियम जगभर पाळले जातात, आणि ते आपल्या घरच्या शहाणपणासारखेच आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्याला त्रास होणार नाही हे बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे, इंजिनवाल्याने शिडाच्या होडीला वाट द्यायची.

का? तर शिडाची होडी वाऱ्यावर चालते. तिला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. ब्रेक नाही, मनात आलं तिथे थांबता येत नाही. इंजिनवाल्याला मात्र वेग कमी करणं, वळणं, थांबणं सोपं असतं. ज्याला बाजूला होणं सोपं, त्याने व्हावं, इतकं हे साधं तत्त्व आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या शिकतात, तेव्हा त्यांना हे पहिल्यापासून कळतं. आपल्याकडे जलाशयावर शिडं फारशी दिसत नाहीत, वल्ही दिसतात. पण वल्ह्यावर हात दुखेपर्यंत जोर लावणाऱ्या पोरीला वाट देण्यामागचा न्याय तोच नाही का?

खेळ आणि वाहतूक एकाच पाण्यावर कशी नांदते, हे बघायला आपल्याला लांब जायला नको. पावसाळ्यात सांगलीच्या कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान अशा नदीकाठच्या गावांचे बोट क्लब, त्यांची लांबलचक होडी, एका तालात पडणारी वल्ही आणि आयर्विन पुलावर, घाटावर लोटलेली गर्दी! अशा वेळी शर्यतीच्या पट्ट्यात एखादी मोटरबोट हौस म्हणून घुसली तर? म्हणून पट्टा मोकळा हवा, आणि सुरक्षेच्या यांत्रिक बोटी हव्यातच, पण त्यांनी कडेला, संथ राहायचं. केरळात आलप्पुळाला १९५२ पासून नेहरू करंडकाची सर्पनौका शर्यत होते. एरवी हाउसबोटींनी गजबजलेलं पाणी शर्यतीपुरतं मोकळं केलं जातं. म्हणजे पाणी वेळेने वाटून घेता येतं.

आणि वेगानेही वाटून घेता येतं. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात नद्या-तळ्यांचं मोठं जाळं आहे. शिडाच्या होड्या आणि मोटरबोटी तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र फिरतात. तिथली वेगमर्यादा किती असेल? जागेप्रमाणे ताशी तीन ते सहा मैल! म्हणजे आपण भराभर चालावं, तेवढीच. तरी तिथलं पर्यटन बुडालेलं नाही.

आपल्याकडे कायदाही आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आला. त्यात यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता यांची तरतूद आहे. बिगरयांत्रिक होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी, असंही त्यात आहे. पण कागद आणि काठ यांत अंतर असतं ना! पाणी जलसंपदा खात्याचं, काठचं जंगल वन खात्याचं, पर्यटन महामंडळाचं, बोटींची नोंदणी मेरिटाइम बोर्डाकडे आणि गाव ग्रामपंचायतीचं. एवढ्या पाहुण्यांच्या पंगतीत वाढपी कोण, हेच ठरलेलं नसलं तर शेवटच्या पानावर काही येत नाही. इथे शेवटचं पान म्हणजे होडीतली बाई आणि पोर.

कुणी म्हणेल, ताई, पर्यटनाला विरोध का? अजिबात विरोध नाही. बचत गटांच्या निमित्ताने त्या भागातल्या बायकांशी बोलणं होतं. पर्यटक आला की नाचणीची भाकरी, पिठलं, रानातला मध विकला जातो. नाहीतर मुंबईला माथाडी कामाला गेलेला मुलगा गावात राहून बोट चालवतो. हा पैसा गावाला हवाच आहे. पण एक बोट उलटली तर पुढचे दोन हंगाम कोण फिरकेल तिकडे? सुरक्षितता ही धंद्याची शत्रू नाही, ती धंद्याचं भांडवल आहे. आणि ज्यांनी धरणासाठी जमीन दिली, त्यांच्याच लेकरांनी आता पाण्यावरही अंग चोरून जायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

म्हणून मागणं अगदी थोडं आहे. वेगाच्या खेळांना तरंगते बुरूज लावून वेगळा पट्टा आखून द्यावा, गावच्या लाँचच्या वाटेपासून दूर. धक्क्याजवळ, काठाजवळ आणि लहान होडी दिसेल तिथे इंजिन हळू करायची सक्ती असावी. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी त्या वाटेवर जेट स्की बंद म्हणजे बंद. प्रत्येक बोटीवर किती माणसं बसतील तो आकडा मराठीत, मोठ्या अक्षरात रंगवलेला असावा. आणि शाळेच्या पोरींच्या हातात वल्हं देण्याऐवजी त्यांना जाकिटं आणि चालवायला जाणता माणूस मिळावा. यातल्या कशालाही कोटींचा खर्च नाही.

यात आपण काय करायचं? पुष्कळ करता येतं. काठावरच्या गावातल्या बायकांनी महिला ग्रामसभेत हा विषय लावून धरावा आणि ठरावात लिहून घ्यावा. बचत गटाने धक्क्यावर भजीची गाडी लावलीच आहे, तर तिथेच वेगमर्यादेची आणि जाकिटाची पाटीही लावावी. आणि सहलीला जाणाऱ्या आपण? बोटीत पाय ठेवण्याआधी न लाजता विचारायचं, "दादा, जाकिटं किती आहेत? माणसं किती घेता?" मुलांच्या मापाचं जाकीट नसेल तर मुलांना बोटीत चढवायचं नाही. साडीवर जाकीट बरं दिसत नाही, फोटो खराब येतो, असले लाड नकोत. आणि "अजून जोरात घ्या ना!" असं ओरडणाऱ्या आपल्याच पोरांना गप्प करायचं, कारण बोटवाला वेग वाढवतो तो बहुतेक वेळा आपल्याच हौसेपायी.

भाजी घेताना आपण दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस करतो. एसटीत धक्का लागला तर चारचौघांत सुनावतो. मग जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे "ऐनवेळी कशाला वाद" म्हणून गप्प का बसतो?

या मोसमात कोयनेवर गेलात आणि समोरून वल्ह्याची होडी येताना दिसली, तर बोटवाल्याला एवढंच सांगा, "दादा, जरा हळू घ्या, त्यांना आधी जाऊ द्या."