धुराला टेबल नंबर कळत नाही

"डॉक्टर, मी माझ्या पैशाची सिगारेट ओढतो, लोकांना काय त्रास?" दवाखान्यात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शेताच्या बांधावर एकटे ओढाल, तर त्रास फक्त तुम्हाला. हॉटेलात ओढाल, तर बाजूच्या टेबलावरच्या लेकरालाही.

आपले पांढरकवडा नागपूर-हैदराबाद महामार्गावर. ट्रक ड्रायव्हर, बाजाराला आलेले शेतकरी, नवरात्रात केळापूरच्या देवीला येणारी कुटुंबे, सगळे एकाच छताखाली जेवतात. मालक म्हणतात, "साहेब, दोन्ही गिऱ्हाइके सांभाळावी लागतात. ओढणारे त्या कोपऱ्यात, बाकीचे इकडे."

ऐकायला हे बरोबर वाटते, पण धूर कोपऱ्यात बसत नाही. पंखा तो सगळीकडे पसरवतो. एसी हवा थंड करतो, विष काढत नाही. या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात, त्यातली सुमारे सत्तर कॅन्सर करणारी. लहान मुलांना त्यामुळे दमा, न्यूमोनिया, कानाचे आजार होतात. मोठ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढतो. "थोडासा धूर चालतो" अशी सुरक्षित मर्यादा नाही.

कायदाही स्पष्ट आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत. हॉटेलात धूम्रपान केल्यास 200 रुपयांपर्यंत दंड होतो. 30 किंवा अधिक लोकांची बसण्याची सोय असेल, तर वेगळी खोली ठेवता येते. पण ती खोलीच हवी: छतापर्यंत चार भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी व्यवस्था. कोपऱ्यातले टेबल म्हणजे खोली नव्हे. टेबलावर ॲशट्रे ठेवणेही नियमबाह्य आहे.

आणि गिऱ्हाईक अर्ध्या तासात उठून जाते. वेटर आणि स्वयंपाकी दिवसभर तिथेच असतात. माझ्याकडे असा एक वेटर येतो. त्याने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तरी दम्यासाठी इनहेलर घेतो. दोन्ही बाजूंच्या इच्छा सांभाळताना त्याची इच्छा कोणी विचारली?

सिगारेट ओढणारा माझा शत्रू नाही. निकोटिनचे व्यसन हा आजार आहे, त्याच्यावर उपचार आहेत. पण त्याला पाच मिनिटे बाहेर, लोकांपासून दूर जाता येते. दुसऱ्याला श्वास थांबवून जेवता येत नाही. मग समतोल कसला साधायचा?

म्हणून पुढच्या वेळी टेबलावर ॲशट्रे दिसला, तर मालकाला शांतपणे म्हणा, "दादा, हा उचला." बाजूला लेकरू असेल, तर नक्की म्हणा. आणि तुम्हीच ओढत असाल, तर 1800-11-2356 या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा, किंवा दवाखान्यात या. रागावणार नाही, मदत करीन.