लॅटेक्सची गादी आणि वैद्याचा सल्ला

कटिशूल, मन्यास्तंभ किंवा गृध्रसीचा रुग्ण औषध व पथ्य समजून घेतल्यावर आजकाल हमखास एक प्रश्न विचारतो : गादी कोणती घ्यावी? पूर्वी 'फळीवर किंवा सतरंजीवर झोपा' एवढ्यावर हा विषय संपत असे. आता बाजारात लॅटेक्सच्या गाद्यांचे अनेक प्रकार आले आहेत आणि त्यांच्या किमतीही सामान्य कुटुंबाला विचार करावयास लावणाऱ्या आहेत. काही औषधी दुकानांच्या काउंटरवर अशा गाद्यांची माहितीपत्रके दिसू लागली असून 'वातशामक', 'आयुर्वेदिक' अशी विशेषणेही त्यांवर मुक्तहस्ते वापरलेली असतात. रुग्णाच्या या प्रश्नाचे उत्तर देणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. मात्र ते उत्तर वस्तूच्या ज्ञानावर आधारलेले आणि स्वार्थापासून मुक्त असले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहू. निद्रा हा तीन उपस्तंभांपैकी एक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निद्रा आणणाऱ्या उपायांमध्ये उत्तम अंथरलेल्या शय्येची गणना केली आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात सुखकर शय्या श्रम व वायू यांचे हरण करणारी, तर दुःखकर शय्या त्याच्या विपरीत गुणांची सांगितली आहे. फळीवरील शयन, म्हणजे कपाटशयन, सुश्रुतांनी सांगितले आहे ते भग्नचिकित्सेत. जंघा, ऊरू, श्रोणी, पृष्ठवंश इत्यादींच्या भग्नात तो भाग निश्चल राहावा, हा त्याचा हेतू. भग्नासाठी सांगितलेला हा उपाय पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाला सरसकट सांगण्यास त्या अध्यायाचा आधार नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

आधुनिक निरीक्षणही याच दिशेचे आहे. स्पेनमध्ये जुनाट कटिशूलाच्या 313 रुग्णांवर झालेल्या आणि 2003 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक आणि मध्यम-कडक गाद्यांची 90 दिवस तुलना करण्यात आली. मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांना वेदना व हालचालीतील अडचण या दोन्ही बाबतींत अधिक उतार पडला. तो अभ्यास कडकपणाचा होता, लॅटेक्सचा नव्हे. तेव्हा त्याचा दाखला देऊन कोणी लॅटेक्सची गादी विकत असेल तर तो दाखला अपुरा समजावा.

दुसरी गोष्ट द्रव्याची. रबराचा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतील. 1876 मध्ये ब्राझीलमधून त्याचे बी लंडनच्या क्यू उद्यानात नेण्यात आले व तेथून त्याची रोपे आशियात आली. केरळात व्यापारी लागवडीस 1902 च्या सुमारास आरंभ झाला. आज आपल्याकडे सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही रबराच्या बागा आहेत. अर्थात आपल्या प्राचीन संहितांत व निघंटूंत या चिकाचे गुणकर्म असण्याचा संभवच नाही. मग रासायनिक प्रक्रिया करून फेसाळलेल्या, गंधक घालून पक्व केलेल्या या चिकाच्या गादीला 'वातशामक' कोणत्या आधारावर म्हणावयाचे? वस्तू चांगली असेल तर ती चांगली गादी म्हणूनच विकली जावी.

आता निवडीचा प्रश्न. लॅटेक्सची गादी घडविण्याच्या मुख्य पद्धती दोन. डनलॉप पद्धतीत चीक घुसळून फेस करतात, साच्यात ओततात व वाफेवर पक्व करतात. जड कण खाली बसत असल्याने तिची खालची बाजू किंचित घट्ट असते. टॅलाले पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात करतात, म्हणजे फेस सर्वत्र पसरतो. मग तो गोठवून त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात व नंतर उष्णता देतात. हिची वीण अधिक एकसारखी व स्पर्श बहुधा मऊ असतो, आणि किंमतही अधिक. डनलॉप जुनी म्हणून हलकी आणि टॅलाले महाग म्हणून श्रेष्ठ, असे समजण्याचे कारण नाही. ज्याला घट्ट आधार हवा त्याला डनलॉप पुरेशी आहे.

पद्धतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न आत काय आहे हा. झाडाचा चीक नैसर्गिक. पेट्रोलियमपासून होणारे स्टायरिन-ब्युटाडाइन रबर कृत्रिम. आणि बाजारात दोहोंची मिश्रणे भरपूर. 'नैसर्गिक' हा शब्द छापलेला असला तरी नैसर्गिक भाग शेकडा किती, हे बिलावर लिहून मागावे. कित्येकदा वरचा एकदोन इंचांचा थरच लॅटेक्सचा असतो आणि खाली काथ्या किंवा पॉलियुरेथेन फोम असतो. अशी गादी वाईट असतेच असे नाही, पण तिची किंमत पूर्ण लॅटेक्सची असू नये. वजनावरून अंदाज येतो. 6 फूट लांब, 3 फूट रुंद व 6 इंच जाड अशी पूर्ण लॅटेक्सची डनलॉप गादी साधारण 20 किलोच्या आसपास भरते. त्याच मापाची साध्या फोमची गादी 10 किलोच्या आतबाहेर. मात्र फोमचे तुकडे चिकटवून केलेला रिबॉण्डेड फोमही जड असतो. यास्तव खोळीची चेन उघडून आतील थर पाहिल्याशिवाय गादी घेऊ नये.

कडकपणा ठरवताना रुग्ण पाहावा. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा व कटी थोडी आत जाईल इतका मऊपणा हवा. स्थूल व्यक्तीला अधिक घट्ट गादी लागते. संधिवाताच्या वृद्धाला फार मऊ गादीतून उठणेच कठीण होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या आप्तांना हे निक्षून सांगावे, की गादी कितीही भारी असली तरी कूस बदलण्यास तो पर्याय नव्हे. रबराचे हातमोजे वा फुगे यांनी ज्याला खाज, गांधी किंवा श्वास लागतो, त्याला लॅटेक्सची गादी सुचवू नये. अशा काहींना केळे, किवी यांसारखी फळेही बाधतात, हे विचारून घ्यावे.

आपल्या चिकित्सेशी थेट संबंधित अशी एक बाब विक्रेते सहसा सांगत नाहीत. तेलाने नैसर्गिक रबर फुगते व त्याची ताकद जाते. अभ्यंगानंतर किंवा कटिबस्तीनंतर तेलकट अंगाने रोज अशा गादीवर पडणारा रुग्ण हजारो रुपयांची वस्तू स्वतःच्या हाताने खराब करतो. त्याला अंग पुसून, जाड चादर अंथरून झोपण्यास सांगितले पाहिजे. कापसाच्या गादीप्रमाणे ही गादी उन्हात टाकू नये, कारण उन्हाने रबर पिवळे पडून त्याचा भुगा होतो. कोकणासारख्या दमट हवेत सपाट प्लायवूडच्या पेटीपलंगावर ठेवल्यास खालून बुरशी धरते. फटी असलेल्या पट्ट्यांचा पलंग बरा.

आणि ज्याची पिंजून घेतलेली कापसाची गादी सपाट आहे, ज्याला सकाळी उठताना पाठ जखडत नाही, त्याला नवी गादी घेण्याची गरज नाही, हेही वैद्यानेच सांगावयाचे आहे.

आमचे औषधी व्यावसायिक बंधू विचारतील, की औषधांतील नफा घटत असताना दुकानात गाद्या ठेवल्या तर बिघडले कोठे? ठेवण्यात काही बिघडत नाही. वैद्याने चिठ्ठीवर नाव लिहावयाचे, रुग्णाने ते औषध समजून घ्यावयाचे आणि त्यामागील टक्केवारी मात्र त्याला कळू द्यावयाची नाही, यात बिघडते. दुकानदाराने गादी गादी म्हणून विकावी, आतील थरांची माहिती लेखी द्यावी. वैद्याने गुण सांगावेत, नाव सांगू नये आणि टक्केवारी घेऊ नये. रुग्ण आपल्याला विचारतो, कारण विक्रेत्याच्या शब्दावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. तो विश्वास टक्केवारीपायी गमावणे या व्यवसायाला परवडणारे नाही.