मानांकनाच्या पाटीमागे काय आहे ते विचारा!

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशाचे दिवस आले की सीताबर्डीपासून इंदोऱ्यापर्यंत चौकाचौकांत फलक झळकू लागतात. ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिका, मेट्रोत, महामार्गावर, मिहानमध्ये नोकरी मिळवा!’ खाली बारीक अक्षरांत एकच शब्द असतो, ‘मान्यताप्राप्त’. ही मान्यता कोणाची, कशासाठी आणि किती वर्षांची, याचा पत्ता नसतो. आपल्या समाजातील बाप तो शब्द वाचतो आणि भविष्य निर्वाह निधी मोडून फी भरतो.

असाच एक बाप काही दिवसांपूर्वी आमच्याकडे कागदपत्रांची पिशवी घेऊन आला. मुलाने दोन वर्षे शिकून पदविका घेतली होती. नोकरीच्या वेळी कळले की, त्या पदविकेमागे ना विद्यापीठ होते, ना कोणती परिषद. प्रमाणपत्र संस्थेनेच छापले होते आणि शिक्काही तिचाच होता. आम्ही नोटीस पाठविली, भांडणे सुरू आहेत. परंतु पैसे परत मिळतीलही, मुलाची दोन वर्षे कोणते न्यायालय परत देणार आहे? म्हणूनच हा विषय आज मांडत आहोत.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली मंजुरी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला, म्हणजे एआयसीटीईला, 1987 च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले. तिची मंजुरी म्हणजे संस्था चालविण्याची परवानगी. शिक्षण उत्तम असल्याची ती ग्वाही नव्हे. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांना ही पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र परिषदेने ठरविलेला दर्जा त्यांनी पाळला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात 2001 साली सांगितले. दुसरी संलग्नता. ती विद्यापीठ देते आणि तिच्यामुळे पदवी विद्यापीठाची ठरते. तिसरी गोष्ट मानांकन. शिक्षणाची गुणवत्ता बाहेरच्या जाणकारांनी येऊन तपासली, तरच ते मिळते. फलकावरचा ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द या तिन्ही गोष्टींची खिचडी करतो आणि त्या खिचडीवर शिक्षणसम्राटांचे पोट भरते.

मानांकनाच्याही दोन वाटा आहेत. 1994 साली स्थापन झालेली नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. त्याच वर्षी एआयसीटीईने स्थापन केलेले आणि 2010 साली स्वायत्त झालेले राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, एकेका अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करते. एखाद्या महाविद्यालयाच्या अभियांत्रिकी शाखेला एनबीएचे मानांकन आहे म्हणून त्याच आवारातल्या एमबीएलाही ते आहे, असे मुळीच नाही. त्यासाठी त्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. संस्था स्वयंमूल्यांकन अहवाल सादर करते. मग तज्ज्ञांची समिती येते, प्राध्यापक किती, कायम किती, ते टिकतात की पळतात, ग्रंथालयात काय आहे, निकाल काय आणि मुले कोठे लागली, हे पाहते. त्यानंतर तीन किंवा सहा वर्षांसाठी मानांकन मिळते. मुदत संपली की पाटीही उतरविली पाहिजे. ती उतरत नाही, हा भाग वेगळा!

प्रोजेक्ट मॅनेजमेंटपुरती एक जागतिक वाटही आहे. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था 1969 ची. तिने 2001 साली विद्यापीठांतील या विषयाच्या पदव्यांसाठी मानांकन केंद्र सुरू केले. तेथेही स्वयंमूल्यांकन आणि प्रत्यक्ष भेट हाच मार्ग आहे. परंतु ध्यानात ठेवा, याच संस्थेचे ‘पीएमपी’ हे प्रमाणपत्र परीक्षा देणाऱ्या व्यक्तीला मिळते. प्राध्यापकाकडे पीएमपी आहे म्हणून अभ्यासक्रम मानांकित होत नाही. ही गल्लत फलकांवर बुद्ध्याच केली जाते.

आता आमच्या समाजाच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. नॅकच्या आजवरच्या पद्धतीत सात निकष आहेत. राखीव जागांपैकी किती जागा प्रत्यक्ष भरल्या, याचा आकडा त्यात विचारलेला आहे. किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि फी-माफी मिळाली, हेही विचारलेले आहे. म्हणजे सामाजिक न्याय हा गुणवत्तेचाच भाग आहे, हे कागदावर तरी मान्य झाले आहे. ‘आरक्षणाने गुणवत्ता घसरते’ अशी बोंब मारणाऱ्यांना आम्ही विचारतो, मग जी संस्था राखीव जागा रिकाम्या ठेवते तिचे गुण कमी का व्हावेत? उत्तर सरळ आहे. ज्या शिक्षणात बहुजनांना जागा नाही ते शिक्षण दर्जेदार असूच शकत नाही.

पण कागदावरचा आकडा आणि वर्गातला बाक यांत अंतर असते. समिती येणार म्हटले की भिंती रंगतात, कुंड्या येतात, ग्रंथालयात उसनी पुस्तके लागतात. शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारकडून आला नाही म्हणून ज्या मुलाची गुणपत्रिका अडवून ठेवली आहे, त्याला त्या दिवशी समितीसमोर उभे केले जात नाही. भ्रष्टाचार तर थेट समितीपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी 2025 मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या सदस्यांनाच अटक केली. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? 2024 च्या जानेवारीत श्रेणी रद्द करून ‘मानांकित’ वा ‘अमानांकित’ एवढेच सांगणारी पद्धत जाहीर झाली. पद्धत कोणतीही येवो, आमची मागणी एकच आहे. राखीव जागा, शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकांच्या बिंदुनामावलीची तपासणी विद्यार्थ्यांना विचारून झाली पाहिजे.

व्यवस्थापन हा आपला प्रांत नव्हे, असे कोणी समजू नये. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोरे आणि हिराकूड या प्रकल्पांची पायाभरणी करणारे धोरण आखले. पाणी, वीज, पूरनियंत्रण आणि विस्थापितांचे हित यांचा एकत्र विचार करणारा हा या देशातील थोर नियोजनकार होता. आणि आज आपल्या दारातला गोसीखुर्द पाहा! 1988 साली पायाभरणी झाली. 372 कोटींचा मूळ अंदाज अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. घरे-शेते कोणाची बुडाली आणि निर्णयाच्या टेबलाशी कोण बसले होते, हे सांगायला नको. प्रकल्पात मातीची पाटी उचलणारे हात आमचे आणि आराखडा करणारे हात त्यांचे, ही वाटणी मोडायची असेल तर आपल्या मुलामुलींनी हे शास्त्र शिकलेच पाहिजे. पण खऱ्या संस्थेत.

म्हणून पालकांनी फी भरण्यापूर्वी काही गोष्टी कराव्यात. मंजुरीपत्र चालू वर्षाचे आहे का, ते एआयसीटीईच्या संकेतस्थळावर पाहावे. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे लेखी मागावे. मानांकन संस्थेचे की अभ्यासक्रमाचे आणि त्याची मुदत कधीपर्यंत, हे विचारावे. नॅकसाठी केलेला स्वयंमूल्यांकन अहवाल संस्थेला स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो उघडून राखीव जागांचे आकडे वाचावेत. शासकीय व अनुदानित संस्थेत आकडा खोटा वाटला तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. आपल्या विद्यार्थी संघटनांनी हे काम वस्तीवस्तीत हाती घेतले तर एकाही बापाला पिशवी घेऊन वकिलाकडे यावे लागणार नाही.

आणि हाच नियम आपल्या माणसांनी चालविलेल्या संस्थांनाही लागू आहे. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, ती दर्जाशी तडजोड करण्यासाठी नव्हे. दीक्षाभूमीच्या आवारात 1964 पासून उभे असलेले महाविद्यालय समाजाच्या घामातून उभे राहिले. बाबासाहेबांचे नाव पाटीवर असलेल्या प्रत्येक संस्थेने तपासणीला न घाबरता सामोरे जावे, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला आहे. तथागतांनीही आपले म्हणणे पारखून घ्या, असेच सांगितले होते. मग संस्थेची पाटी न पारखता आपण तिच्यापुढे मान का झुकवायची?