जुने लाकूड मोडीत घालण्याआधी

उन्हाळा लागला की गावोगाव जुनी घरे उतरू लागतात. माळवद गळत असते, भिंतीला पोट आलेले असते, त्यात पोराचे लग्न ठरलेले असते. नवे घर बांधणे भागच पडते. यंदा आमच्या मेव्हण्यांचे चार खणांचे घर उतरले. संध्याकाळपर्यंत अंगणात सागवानी तुळया, खांब, चौकटी यांचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी मोडवाला आला, ठोक भाव सांगून सारे टेंपोत भरून घेऊन गेला. आठवड्याने मेव्हणे तालुक्याला नव्या चौकटींचा भाव काढायला गेले आणि कपाळाला हात लावून परत आले.

"इंजिनिअरसाहेबांना विचारलं होतं," ते म्हणाले, "पण ते म्हणाले, जुनं लाकूड नको, बाबा."

साहेब असे का म्हणतात, तेही समजून घेतले पाहिजे. नव्या लाकडाची मापे एकसारखी असतात. जुन्याची प्रत्येक तुळई निराळी. आत मोडका खिळा राहिला तर करवतीचे दात जातात. खाचा आणि भोके पडलेली तुळई किती भार पेलेल, हे कागदावर मांडणे अवघड. शिवाय उद्या काही झाले तर बोल त्यांनाच लागणार.

पण सगळेच वास्तुविशारद नाही म्हणत नाहीत. लॉरी बेकर हे इंग्लंडात जन्मलेले वास्तुविशारद केरळात राहिले आणि 1990 साली पद्मश्री झाले. पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या ते आवडीने नव्या घरांत बसवीत. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार आपल्या मनात ठसला, असे ते सांगत. आपल्याकडे नवी मुंबईत बेलापूरला 2015 च्या सुमारास एक घर झाले. त्याची दर्शनी बाजू पाडलेल्या घरांच्या दारे-खिडक्यांची आहे, आणि जुन्या बर्मा सागाच्या वाशांची तिथे जमीन केली आहे. म्हणजे जे वासे पूर्वी डोक्यावर होते, ते आता पायाखाली आले!

यातली खुबी ध्यानात घ्या. आधी नकाशा काढून मग त्यात जुने लाकूड कोंबायला गेले, तर जमत नाही. हाती काय आहे ते आधी पाहून नकाशा काढला, तर जमते. म्हणून लाकडाची यादी साहेबांपुढे नकाशाच्या आधी ठेवा.

हा खटाटोप कशासाठी? पक्क्या सागाच्या गाभ्यात अंगचेच तेल असते. वाळवी त्याला सहसा धजत नाही. वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड नव्या ओल्या लाकडासारखे आकसत किंवा पिळत नाही. नवे झाड पडत नाही, ते वेगळेच. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन लाकडात साठून राहतो. चुलीत घातले की तो धूर होऊन पुन्हा हवेत जातो.

मात्र काळजी घ्या. घर पाडू नका, उतरवा. प्रत्येक नगावर खडूने आकडा घाला आणि लांबी-जाडी वहीत लिहा. खिळे त्याच दिवशी उपसा. टोच्या खुपसून पाहा. सहज आत गेला तर तो भाग कुजलेला समजा. बारीक भोकांतून ताजा भुसा गळत असेल, तर किडा अजून जिवंत आहे. ते लाकूड वेगळे ठेवा. कडेचा पांढरट भाग तासून टाका. ढीग जमिनीला टेकू न देता, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचा. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून रंगाचे लाकूड चुलीत जाळू नका, आणि घासताना लेकरांना दूर ठेवा.

खाचा पडलेली तुळई पुन्हा छताला घालायची की नाही, हे इंजिनिअरलाच ठरवू द्या. तिच्या चौकटी, फळ्या, देव्हारा, माजघरातले कपाट होईल. त्यात कुणाच्या जिवाला धोका नाही.

मेव्हण्यांच्या धाकट्या भावाचे शेजारचे दोन खण अजून उभे आहेत. ते पुढच्या उन्हाळ्यात उतरायचे आहेत. मोडवाला परवा पुन्हा येऊन गेला. या खेपेला त्याला चहा मिळाला, लाकूड नाही. सुतार मात्र आत्तापासून सांगून ठेवला आहे.